एक दिरहम बरोबर एक रुपया

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. तांब्याचे दोन हंडे, गणपतीचं मखर, बंद पडलेला स्टोव्ह आणि सगळ्यात मागे आप्पाकाकांची पत्र्याची ट्रंक. काका १९७७ साली दुबईला गेले. तिथल्या देरा भागातल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायचे आणि १९९८ च्या डिसेंबरात कायमचे परत आले. ट्रंकेत कपडे नव्हतेच. एक लांबट, लाल कापडी पाठीची वही होती आणि तिच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटपट्टीने धरलेली एक नोट.

वहीत पाच रकाने होते: तारीख, दिरहम, भाव, रुपये, पोचले. पहिली ओळ ऑक्टोबर १९७७ ची : ६०० दिरहम, भाव २.२०, रुपये १,३२०. शेवटची डिसेंबर १९९८ ची : २,००० दिरहम, भाव ११.५०, रुपये २३,०००. मधल्या एकवीस वर्षांत एकही महिना चुकलेला नाही.

चुलतभावाचा मुलगा सध्या शारजात नोकरीला असतो. तो सुट्टीवर आलेला, मदतीला होता. त्याने आधी नोट उचलली. "आत्या, ही खोटी आहे का गं? दहाची नोट लाल कशी?"

खोटी नाही. नोट आपल्या रिझर्व्ह बँकेचीच. खाली गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची सही, मागे शिडाचं गलबत, भारतातल्या त्या काळच्या दहाच्या नोटेवर असायचं तसंच. फक्त रंग वेगळा आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी 'झेड' हे अक्षर. ही नोट मुंबईत चालत नव्हती, दुबईत चालत होती. मी बँकेत अडतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी परकीय चलनाच्या टेबलावर, तरी अशी नोट हातात प्रथमच आली. तिच्यामुळे त्या मुलाला जे समजावत बसले, ते इथे लिहून काढते आहे. कारण दिरहम आणि रुपया यांचा जुना भाव शोधायला गेलं की सुरुवातीलाच एक चक्रावणारी गोष्ट सापडते. एके काळी दिरहमाच्या जागी रुपयाच होता.

ब्रिटिशांच्या काळात आखाताचा कारभार बराचसा हिंदुस्थानातून चालत असे. मोती, खजूर, कापड, तांदूळ, सगळा व्यापार मुंबईशी. त्यामुळे कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे आपलाच रुपया फिरायचा. स्वातंत्र्यानंतरही फिरत राहिला. दुबईतल्या बँकेत रुपये साठले की त्या बँका ते रिझर्व्ह बँकेकडे पाठवत आणि बदल्यात पौंड घेत. हे ठीक होतं, जोवर ते रुपये खऱ्या व्यापाराचे होते.

घोळ केला सोन्याने. १९५० च्या दशकात जगात सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर ठरलेला होता आणि डॉलर होता ४ रुपये ७६ पैशांना. गुणाकार-भागाकार केला की तोळ्याला साडेबासष्ट रुपये येतात. आपल्याकडे सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यामुळे मुंबईच्या बाजारात तोळा शंभराच्या वर. आता एखाद्या गलबतवाल्याच्या डोक्याने विचार करा. मुंबईहून रुपयांच्या नोटा दुबईला न्यायच्या, तिथे दहा तोळ्यांचं बिस्कीट सव्वासहाशेच्या आसपास घ्यायचं, रात्री किनाऱ्यावर उतरवायचं आणि हजारावर विकायचं. मिळालेले रुपये परत दुबईला. आणि दुबईत साठलेले ते रुपये शेवटी रिझर्व्ह बँकेच्या दारात : "घ्या तुमच्या नोटा, द्या आमचे पौंड." म्हणजे चोरटं सोनं आत येत होतं आणि त्याची किंमत सरकार स्वतःच्या तिजोरीतून पौंडांत चुकती करत होतं.

१९५९ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि आखातापुरत्या वेगळ्या नोटा आल्या. मूल्य तेच, रंग निराळे. भारतातल्या नोटा तिकडे पौंडात वटणं बंद झालं. काकांच्या वहीतली लाल नोट ती हीच. मागच्या बाजूला गलबत छापलेलं आहे याचं मला फार हसू आलं.

आता तो 'चार रुपये शहात्तर पैसे' कुठून आला? व्हॉट्सॲपवर दर पंधरा ऑगस्टला एक चित्र फिरतं : १९४७ साली एक रुपया बरोबर एक डॉलर होता म्हणे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतं. मी दर वर्षी तेच उत्तर टाकते, कोणी वाचत नाही. तर पुन्हा एकदा. तेव्हा रुपया डॉलरला बांधलेला नव्हताच, तो पौंडाला बांधलेला होता. १९२७ पासून एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. पौंडाचे शिलिंग वीस. वीसला दीडने भागा : एका पौंडाला १३ रुपये आणि वर एक तृतीयांश. हा दीड शिलिंगाचा भाव सहज ठरलेला नाही. मुंबईच्या गिरणीमालकांना १ शिलिंग ४ पेन्स हवा होता, त्यावर वर्षानुवर्षं रण माजलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनचा प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर होता आणि ज्या आयोगाने हा भाव सुचवला त्याच्यापुढे त्यांनी साक्षही दिली होती. असो. १९४७ मध्ये पौंड होता ४.०३ डॉलरला. म्हणजे एका डॉलरला ३ रुपये ३१ पैसे. एक नव्हे.

१८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. आपण पौंडाचं बोट धरलेलं, त्याच्याबरोबर आपणही उतरलो. १३.३३ ला २.८० ने भागलं की ४.७६. पाकिस्तान मात्र उतरला नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जो रुपया एकच होता, त्याचे आता दोन झाले : तिकडच्या शंभराला इकडचे एकशे चव्वेचाळीस. रुपयाची फाळणी खऱ्या अर्थाने झाली ती तेव्हा.

तर आखाती रुपया आणि भारतीय रुपया १९५९ ते १९६६ अगदी बरोबरीत होते. एकाला एक. या काळात आखातातली भावंडं एकेक करून वेगळी झाली. कुवेतने १९६१ मध्ये दिनार काढला, एक दिनार बरोबर एक पौंड, म्हणजे १३.३३ रुपये. बहारीनने १९६५ मध्ये काढला, तो दहा रुपयांना. कुवेती दिनार जगात सगळ्यात महाग चलन म्हणून मिरवतो तेव्हा लोकांना वाटतं, हा तेलाचा महिमा. तेल आहेच, पण सुरुवातीलाच एकक मोठं घेतलं हेही आहे. पौंडाएवढं भांडं घेतलं की एका भांड्यात जास्त मावणारच.

मग ६ जून १९६६, सोमवार. चीनशी आणि पाकिस्तानशी अशी दोन युद्धं झालेली, पावसाने दगा दिलेला, परदेशी मदत आटलेली. मदत परत सुरू व्हायची तर रुपया उतरवा, असा बाहेरून दबाव होता. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते, अर्थमंत्री सचिंद्र चौधरी. डॉलर ४.७६ वरून थेट साडेसातवर गेला.

इथे टक्क्यांची एक गंमत आहे, आणि ती कळली नाही तर कुठलाही जुना तक्ता वाचताना माणूस अडखळतो. १९६६ च्या अवमूल्यनाबद्दल काही ठिकाणी ३६.५ टक्के वाचायला मिळतं, काही ठिकाणी ५७.५. दोन्ही बरोबर आहेत. जांभळी नाक्याच्या मंडईत समजा शंभर रुपयांत पाच किलो कांदे मिळत होते आणि आता चारच मिळतात. कांद्याचा भाव वीसवरून पंचवीस झाला, म्हणजे पंचवीस टक्के वाढला. पण तुमच्या शंभराच्या नोटेची ताकद पाच किलोवरून चारवर आली, म्हणजे वीस टक्के घटली. व्यवहार एकच, टक्के दोन, कारण एकदा कांद्याच्या बाजूने मोजलं आणि एकदा नोटेच्या. डॉलरचंही तेच. डॉलर ४.७६ चा ७.५० झाला : साडेसत्तावन्न टक्के वर. शंभर रुपयांत आधी २१ डॉलर येत, आता १३ डॉलर ३३ सेंट : साडेछत्तीस टक्के खाली. सरकारला छोटा आकडा आवडतो, विरोधकांना मोठा.

या सोमवारी दुबईत काय झालं, तो भाग आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नसतो. तिथल्या मोती-व्यापाऱ्याच्या, मच्छीमाराच्या, मुनीमाच्या गाठीला रुपयेच होते. छापणारी बँक मुंबईची. सरकारने दिल्लीत निर्णय घेतला आणि दुबईतल्या माणसाच्या साठवणीचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा हवेत गेला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग कतार आणि दुबई यांनी मिळून स्वतःचा रियाल काढला. तो येईपर्यंत मधल्या काळात सौदी रियालवर भागवलं. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. मस्कत-ओमानात मात्र आपला आखाती रुपया १९७० पर्यंत तग धरून होता.

नव्या कतार-दुबई रियालची किंमत त्यांनी काय ठरवली? अवमूल्यनाच्या आधीच्या रुपयाएवढी. सोन्यात सांगायची तर ०.१८६६२१ ग्रॅम. १९४९ नंतर आपल्या रुपयाची सोन्यातली किंमत हीच होती, दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या आकड्यापर्यंत. पुढे १९७१ च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिराती झाली आणि मे १९७३ मध्ये दिरहम आला. जुना रियाल द्या, नवा दिरहम घ्या, एकास एक. सोन्यातली किंमत पुन्हा तीच, ०.१८६६२१ ग्रॅम. म्हणजे आपण जो रुपया ६ जूनला सोडून दिला, तो आखाताने नाव बदलून सांभाळला. काका सांगायचे की पेढीवर येणारे म्हातारे अरब दिरहमाला सर्रास 'रुब्बिया' म्हणत. तेव्हा मला वाटायचं की काकांना खूश करायला म्हणत असतील.

हे नातं आजही मोजून बघता येतं. दिरहम डॉलरला ३.६७ आणि कतारी रियाल ३.६४, इतके शेजारी-शेजारी, कारण दोघे एकाच आईचे. बहारीनचा दिनार दहा रुपयांचा होता. आज एका बहारिनी दिनाराला पावणेदहा दिरहम पडतात. साठ वर्षं झाली, भावंडं फारशी लांब गेलेली नाहीत. लांब गेलो ते आपण.

एका डॉलरला ४.७६ चे ३.६७ दिरहम कसे झाले, हे मुलाने विचारलंच. दिरहमाने काही केलं नाही, डॉलर उतरला. १९७१ आणि १९७३ मध्ये अमेरिकेने दोनदा डॉलरची सोन्यातली किंमत कमी केली, ३५ चे झाले सव्वाबेचाळीस डॉलर औंसाला. दिरहम आपल्या सोन्याच्या आकड्यावर ठाम, म्हणून डॉलर पावणेपाचवरून चारच्या खाली आला. नंतर थोडं वरखाली होत नोव्हेंबर १९९७ पासून तो ३.६७२५ वर खिळला आहे. खिळला म्हणजे खिळलाच, तेव्हापासून पैसाभरही हललेला नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. रुपया आणि दिरहम यांचा स्वतंत्र बाजार नाही. डॉलरचा भाव घ्या, ३.६७२५ ने भागा, दिरहम हातात. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली, नव्वदला ३.६७२५ ने भागलं की २४ रुपये ५० पैसे. मुलाच्या फोनवरच्या ॲपने त्याच दिवशी याहून कमी दाखवला असेल तर मधले पैसे कंपनीचे. 'फी शून्य' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण फी भावात मुरलेली असते. हा भागाकार येत असेल तर ती किती मुरली हे घरी बसून कळतं. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. वहीच्या मागच्या पानांवर निव्वळ भागाकार आहेत.

वहीच्या पहिल्या दहा वर्षांत भाव मुंगीच्या पावलाने चढतो : २.२०, २.४०, १९८३ मध्ये २.७०, १९८७ मध्ये साडेतीन. त्या काळी रुपया बाजारात ठरत नव्हता. १९७५ मध्ये आपण पौंडाचं बोट सोडलं आणि काही देशांच्या चलनांची एक टोपली करून तिला रुपया बांधला. टोपलीत कोणतं चलन किती, हे गुप्त. मी १९८४ मध्ये ठाण्याच्या शाखेत लागले तेव्हा सकाळी मुख्य कार्यालयातून टेलेक्सवर भाव यायचा, आम्ही तो खडूने फळ्यावर लिहायचो. का वाढला, का उतरला, हे विचारायचं नाही. आला तो भाव.

आमच्या शाखेत मुंब्रा-कौशाची बरीच खाती होती. नवरा किंवा मुलगा आखातात, घरची बाई ड्राफ्ट घेऊन यायची. ड्राफ्ट टपालाने यायला दोन-तीन आठवडे, वटायला आणखी काही दिवस. हवाल्याचा माणूस मात्र दुसऱ्या दिवशी दारात रोकड आणून द्यायचा, आणि भावही चार पैसे जास्त. त्याला कसं परवडायचं? तुमच्या नवऱ्याने दिलेले दिरहम भारतात येतच नव्हते. ते दुबईतच राहायचे, त्यांचं सोनं घेतलं जायचं आणि सोनं इकडे उतरलं की त्यातून रुपये. १९५० च्या दशकातलं तेच रहाट, फक्त रुपयाच्या नोटेऐवजी आता दिरहम. आमचे काका मात्र ड्राफ्टवाले. "पावती मिळते ना," एवढंच म्हणायचे.

मग १९९०. २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळलं. तेल महागलं, आपलं तेलाचं बिल फुगलं. कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या घरात आपली माणसं विमानांनी परत आणावी लागली, आणि ती पाठवत होती तो पैसा थांबला. आमच्या काउंटरवर कुवेती दिनारांची पुडकी घेऊन माणसं उभी राहायची. काल ज्या नोटेला साठ रुपये होते, तिला आज कोणी हात लावेना. बँकेत आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो.

पुढच्या जूनपर्यंत देशाची परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली की जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैत रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला पाठवून गहाण टाकलं. आणि त्याच पंधरवड्यात, १ जुलैला एकदा आणि ३ जुलैला पुन्हा, असा दोन टप्प्यांत रुपया उतरवला. पहिला टप्पा बाजाराची नाडी बघायला, दुसरा खरा. डॉलर २१ वरून २६ च्या जवळ गेला.

मला त्या महिन्यातली एक दुपार आठवते. मुंब्र्याच्या दोन शेजारणी एकत्र आल्या. दोघींचे नवरे एकाच कंपनीत, दोघांनी हजार-हजार दिरहम पाठवलेले. एकीच्या ड्राफ्टवर ५,७२० रुपये, दुसरीच्या ड्राफ्टवर ७,०३०. पहिली माझ्यासमोर दोन्ही कागद ठेवून गप्प उभी. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यांनी कमी पाठवलेन का?" मी तारखा दाखवल्या. तिचा ड्राफ्ट २७ जूनचा, शेजारणीचा ६ जुलैचा. ड्राफ्ट रुपयांतच काढलेला असतो, भाव तिकडे काढतानाच ठरतो. इथे तो कधी पोचला, कधी वटला, याने काही फरक पडत नाही. नऊ दिवसांची किंमत तेराशे दहा रुपये. तिला तारखांचं पटलं, सरकारचं नाही पटलं. शेजारणीने बाहेर पडताना तिला रसवंतीत नेलेलं मी खिडकीतून पाहिलं.

काकांच्या वहीत त्या महिन्याची ओळ २९ जूनची आहे. भाव ५.७२. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात : "घाई नडली."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते रटाळ आहे. १९९२ च्या मार्चमध्ये सरकारने एक वर्षभर दोन भाव ठेवले : बाहेरून आलेल्या दर शंभर डॉलरमधले चाळीस सरकारी भावाने, साठ बाजारभावाने. मार्च १९९३ मध्ये दोन्ही एक झाले आणि रुपया बाजारात सोडला. डॉलर एकतीसच्या वर, दिरहम साडेआठ. तेव्हापासून रोज मुंबईत बँका आपसात डॉलर घेतात-विकतात, त्यातून भाव निघतो, आणि फारच उसळला तर रिझर्व्ह बँक स्वतः उतरून डॉलर विकते किंवा घेते. खडूचा फळा गेला, टेबलावर पडदे आले.

बाजार म्हणजे फक्त चढण, असंही नाही. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीसच्या खाली होता आणि दिरहम पावणेअकराच्या आसपास, म्हणजे काका परतले त्या वेळेपेक्षाही स्वस्त. दहा वर्षांनी माणूस मागे वळून बघतो तर रुपया उलट सावरलेला. आणि २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने नुसतं सूचित केलं की आम्ही पैसा ओतणं कमी करू, तर ऑगस्टमध्ये डॉलर ६८ च्या वर जाऊन आला. आपण जाळतो त्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्याचे डॉलर रोज लागतात. तेल चढलं की रुपयाला धाप लागते.

जुन्या भावांचे तक्ते इंटरनेटवर ढिगाने मिळतात. ते वाचताना एवढं बघा की आकडा वर्षाची सरासरी आहे की वर्षअखेरचा. १९९१ ची सरासरी बघा, २२ रुपये ७४ पैसे दिसेल. जूनअखेर २१ आणि ३ जुलैनंतर २६ हे माहीत असलेल्या माणसाला कळतं की भाव त्या आकड्यावर मुक्कामाला कधी नव्हताच, तो त्याच्यावरून उडी मारून गेला. सरासरीत ती मुंब्र्याची बाई दिसत नाही. तसंच १९७३ च्या आधीच्या ओळी : तिथे दिरहमाचा भाव लिहिलेला असेल तर तो नंतर मागे मोजून काढलेला, कारण दिरहमच नव्हता.

इथपर्यंत आल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे साठ वर्षांत एकाचे चोवीस झाले. आपण बुडालो आणि ते तरले."

तसं म्हणण्याआधी तो सोन्याचा आकडा परत काढू या, म्हणून मी वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं. १९६६ च्या सुरुवातीला, सरकारी हिशेबाने, एक ग्रॅम सोन्याला ५ रुपये ३६ पैसे. दुबईतही तेच ५ रुपये ३६ पैसे. २०२५ च्या ऑक्टोबरात जगात सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या पलीकडे गेलं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, तेव्हा ग्रॅमला साधारण १२८ डॉलर ६० सेंट. दिरहमात सुमारे ४७२. रुपयात, तेव्हाच्या पावणेएकोणनव्वदच्या डॉलरने, कर न धरता सुमारे ११,४००.

म्हणजे सोन्यापुढे दिरहम अठ्ठ्याऐंशी पटींनी घसरला. ज्याला आपण मजबूत, खिळलेला, न हलणारा म्हणतो, तो. कारण तो ज्या खुंटीला खिळला आहे ती खुंटीच, म्हणजे डॉलर, खाली सरकते आहे. रुपया घसरला एकवीसशे तीस पटींच्या आसपास. आता २,१३० ला ८८ ने भाग, मी म्हटलं. त्याने फोन काढला. चोवीस आणि वर थोडं.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. ठाणे स्टेशनच्या दोन सरकत्या जिन्यांवर उभ्या असलेल्या दोन माणसांसारखं आहे हे, दोन्ही जिने खालीच चाललेले. विनिमय दर सांगतो तो या दोघांमधला फरक. जमिनीपासून कोण किती उंच आहे हे तो सांगत नाही. काका दिरहमाचा भाव पैशापर्यंत लिहायचे, पण देऱ्याच्या त्यांच्या खोलीचं भाडं आणि ठाण्यातल्या वाण्याचं बिल कुठल्याच रकान्यात नाही. नुसत्या भावावरून काकांनी किती कमावलं, हे या वहीतून कधीच कळणार नाही. १९७७ चे १,३२० रुपये आणि १९९८ चे २३,००० रुपये यांतलं काकूला घर चालवायला कोणतं सोपं गेलं, ते काकूच सांगू शकली असती.

नोट मी मुलाला दिली. हौशी लोक या आखाती नोटांना चांगले पैसे मोजतात असं त्याने लगेच फोनवर शोधून काढलं, पण विकणार नाही म्हणाला. नंतर ट्रंक खाली उतरवताना त्याने मुद्द्याचं विचारलं. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला असतो, भाव तर अजून चढेल असं ऑफिसात सगळे म्हणतात, "तर आत्या, या महिन्याचे पैसे पाठवू की थांबू?"

"आज कितवी?"

"दोन."

"पोचायला किती लागतात?"

"एक दिवस. कधीकधी दोन."

"मग आजच पाठव," मी म्हटलं, आणि ट्रंकेची दुसरी कडी धरली.